फुकटातलं नेट आणि गावाचं पान

इंटरनेट फुकट आहे असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कुठपर्यंत? ही सवय मला लातूरच्या एका मुलींच्या होस्टेलात लागली. तिथं मी दोन वर्षं डॉक्टर होण्यासाठी राहिले. झाले नाही, पेशंट वाचले. हल्ली मी नांदेडला असते आणि मुलींच्या होस्टेलांतल्या अडाणी नियमांविरुद्ध पत्रकं काढते, वाटते, भिंतीला चिकटवते. कुणी फाडली की पुन्हा चिकटवते.

पत्रक लिहायला मामांनी शिकवलं. ते नांदेडला शिक्षकांच्या संघटनेत होते आणि सुट्टीत आम्हा भाचरांना सायक्लोस्टाइलच्या जुन्या गोष्टी सांगायचे. त्यांचा नियम सोपा होता. "पहिल्या ओळीत काय पाहिजे ते. दुसऱ्या ओळीत कोणाकडून पाहिजे ते. तिसऱ्या ओळीपर्यंत कुणी थांबत न्हाई, तिथं काहीबी लिही." आणि उद्गारचिन्ह म्हणजे फोडणीतली मोहरी. तडतडली नाही तर पत्रक वाया गेलं म्हणून समजायचं. मी हे बाराव्या वर्षी शिकले, आणि त्यामुळे माझ्या निबंधांना कायम कमी मार्क पडले.

तर ते यंत्र. माझा आतेभाऊ हैदराबादला नोकरीला होता. त्यानं स्वतःसाठी नवा मोठा फोन घेतला आणि जुना ई-रीडर मला दिला. पाटीएवढा, करडा, खाली बारीक बटनांची रांग. अहमदपूरला आमच्या ओट्यावर बसून त्यानं मला त्याची तारीफ ऐकवली.

"पुस्तकं तर हायेतच. पण खरी गंमत दुसरी. ह्याच्यात नेट फुकट हाय. सिम आतच बसवलेलं, कंपनीनंच. रिचार्ज न्हाई, बिल न्हाई. तहहयात."

"कोणाची हयात?" माझ्या वडिलांनी विचारलं. ते तेव्हा ट्रेझरीत होते, आणि दर वर्षी पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले तपासून त्यांना त्या शब्दाबद्दल जरा जास्तच कळत होतं. "तुझी, हिची का त्या डबड्याची?"

"कंपनीची असंल, मामा," आतेभाऊ म्हणाला.

आज ते खरंच झालंय. मोबाइलचं ते जुनं जाळं बंद पडलं आणि फुकटही संपलं. पण तेव्हा मला हसू आलं नाही. तेव्हा नेट आजच्यासारखं पाण्याच्या भावानं मिळत नव्हतं. (लातूरबद्दल लिहिताना पाण्याच्या भावानं असं म्हणू नये खरं तर.) आणि मी जाणार होते अशा होस्टेलात, जिथं फोनच चालत नव्हता.

होस्टेल एका डाळमिलच्या मागच्या गल्लीत होतं. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, कमरेला किल्ल्या, आणि कुठल्या मुलीनं किती पोळ्या टाकल्या हे लक्षात ठेवणारी नजर. नियम असा की मुलीजवळ फोन नको. रविवारी काकूंच्या फोनवरून घरी बोलायचं, तेही स्पीकर लावून, काकू शेजारी शेंगा सोलत बसलेल्या असताना. मुलींनी काय वाचावं, किती झोपावं, कुणाशी बोलावं, हे सगळं वडील आणि काकू मिळून ठरवायचे आणि त्याला 'वातावरण' म्हणायचे. लातूरचं वातावरण! अख्ख्या मराठवाड्यातून लोक त्यासाठी पोरी आणून सोडायचे. त्या वातावरणात पोरीला श्वास घेता येतो का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

पहिल्याच दिवशी काकूंनी बॅग तपासली.

"हे काय हाय?"

"पुस्तक."

"पुस्तकाला बटनं?"

"इंग्रजी पुस्तक हाय काकू."

"मग असू दे," काकू म्हणाल्या. इंग्रजीपुढं भलेभले गप्प बसतात.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी त्याला रेंज यायची. दुपारी जेवणानंतर थोडा वेळ अभ्यासाला गच्ची मोकळी असायची. मी दुसऱ्याच दिवशी बाथरूमच्या दारामागं पत्रक लावलं: 'मुलींनो! नेट पाहिजे? गच्चीवर या! फुकट! तहहयात!' मोहरी भरपूर घातली होती. जवळपास सगळं होस्टेल टाकीभोवती जमलं.

आणि तिथं माझी फजिती झाली. उदगीरवालीनं गाण्याचं नाव टाकलं. यंत्र बराच वेळ विचार करत बसलं आणि मग म्हणालं, हे पान या जोडणीवर दिसणार नाही, वाय-फायवर जा. निलंग्याच्या मुलीला निकाल बघायचा होता. तेच उत्तर. ईमेल, तेच. बातम्या, तेच. शेवटी समजलं, की दोनच गोष्टी उघडतात. एक कंपनीचं स्वतःचं दुकान, आणि दुसरा तो सगळ्यांनी मिळून लिहिलेला मुक्त ज्ञानकोश. बाकी सगळ्या जगाला कुलूप.

"हे बघ," उदगीरवाली म्हणाली. तिच्या घरी अडतीचं दुकान होतं. "मोंढ्यात येतोय ना एक टेम्पो, शेतकऱ्याला फुकट बसवून आणतो? तो फुकट असतोय, पण उतरवतो त्याच अडत्याच्या दारात. तसलं हाय हे."

मला असा राग आला, की मी त्या कंपनीविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. दारापर्यंत नेता आणि दार दाखवून परत पाठवता, याला फुकट म्हणत नाहीत, याला जाहिरात म्हणतात! आजही माझं तेच मत आहे. कुणी गरिबाला थोडंसं नेट देऊन बाकी कुंपण घालतं तेव्हा मला ती टाकी आठवते. पण पत्रक लावायचं कुठं? कंपनी होती समुद्रापल्याड, आणि माझ्याकडं होतं बाथरूमचं दार.

मुली पांगल्या. उरली एक, माझ्याच खोलीतली. तिचं गाव चाकूर तालुक्यातलं, म्हणून तिला सगळ्या चाकूरवाली म्हणायच्या. तिची बारावी झाली होती, डॉक्टरकीच्या परीक्षेत मार्क कमी पडले होते, आणि वडिलांनी ठरवलं होतं की तिनं वर्षभर थांबून परत बसायचं. रिपीटरची बॅच आणखी दोन आठवड्यांनी, सोमवारी सुरू होणार होती. तिच्या आदल्या रविवारी वडील येऊन नाव घालणार होते.

चाकूरवालीला परत बसायचं नव्हतं. तिला शेतकी कॉलेजात जायचं होतं. लातुरातच होतं ते, प्रवेश चालू होते, तिचे मार्क बसत होते. हे तिनं वडिलांना सांगायचा एकदा प्रयत्न केला होता. त्यावर ते एवढंच म्हणाले होते, "वेड लागलं का?" वडिलांपुढं बोलू शकणारं घरात एकच माणूस होतं, तिची थोरली ताई. ती लग्न होऊन नांदेडला होती आणि टायपिंगच्या क्लासवर शिकवायची. ताई त्या रविवारच्या आत लातूरला आली तर काही होण्यासारखं होतं. एकदा नाव घातलं, की वडील बधणार नव्हते.

पण ताईला कळवायचं कसं? स्पीकरवर काकूंसमोर बोलावं तर काकू वडिलांना सांगणार. चिठ्ठी काकूंच्याच हातून जाणार. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून फोन करावा तर दुकानदार काकूंचा पुतण्या.

चाकूरवाली एकटीच टाकीपाशी बसून ज्ञानकोश वाचायची. इतर मुली कंटाळून गेल्या, पण तिला तो आवडला. माती, कीड, पिकं, जे हाती लागेल ते. मराठी पानांवर वेलांट्या अक्षरांच्या अलीकडेपलीकडे उड्या मारायच्या, तरी ती वाचायची. एक दिवस तिनं मला हाक मारली.

"ए अहमदपूरवाली, इकडं ये. आमच्या गावाचं पान हाय ह्याच्यात."

होतं खरंच. गाव लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात आहे, हवामान उष्ण व कोरडे आहे, संपलं पान. शेजारी एक शब्द होता: संपादन. तिनं दाबला. पान उघडलं, आणि आत कर्सर लुकलुकायला लागला.

 दुकानदारानं सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या, पण ही एक आतून उघडत होती.

त्याच्या आधीच्या आठवड्याचा, फोनचा रविवार आला. काकूंनी स्पीकर लावला. फोन घरी लागला तेव्हा योगायोगानं ताई माहेरी आलेली होती, पण भोवती सगळं घर, आणि इकडं काकू. चाकूरवालीनं गळा साफ केला.

"ताई, तू परत कधी चाललीस नांदेडला?"

"आज दुपारी. का गं?"

"काही न्हाई. ज्ञानकोशात आपल्या गावाचं पान हाय. क्लासवर कॉम्प्युटर हाय ना? वाचत जा. रोज वाच. जनरल नॉलेजला येतंय."

"आपल्या गावात काय हाय वाचण्यासारखं?" ताई म्हणाली.

"रोज नवीन येतंय, ताई."

"बघा, कशी अभ्यासाचंच बोलायली पोरगी," काकू कौतुकानं म्हणाल्या आणि तिच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले.

सोमवारी दुपारी आम्ही लिहायला बसलो. त्या यंत्रावर मराठी टाइप होत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत. मी सांगत होते, ती बारीक बटनं दाबत होती. माझी पद्धत ठरलेली. पहिल्या ओळीत काय पाहिजे आणि कोणाकडून, दोन्ही: ताई, शनिवारी ये! दुसरी ओळ मग कारणाला मोकळी: बाबा रविवारी नाव घालणार! तिसरी ओळ तिची स्वतःची होती, मला परत बसायचं नाही. ते गेलं. हवामान उष्ण व कोरडे आहे, त्याच्याखाली आमची हाक.

मंगळवारी दुपारी बघितलं तर पान पुन्हा जसंच्या तसं. आमच्या ओळी पुसलेल्या. वर आमच्यासाठी निरोप: 'आपले लेखन ज्ञानकोशीय नाही. प्रयोगासाठी कृपया धूळपाटी वापरावी.'

"धूळपाटी म्हणजे?" चाकूरवालीनं विचारलं.

"पाटीवर धूळ पसरून बोटानं गिरवायचं. जुन्या शाळेत. पुसलं तरी चालतंय असं लिहायची जागा."

"म्हणजे माझं पुसलं तरी चालतंय व्हय?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी बघून माझं डोकं सटकलं. त्या पानाच्या मागं चर्चेचं पान असतं, तिथं मी त्या पुसणाऱ्याला लिहिलं. कंपनीनं जग बंद केलं, काकूंनी फोन बंद केला, आणि एक पान उघडं राहिलं तर ते तुम्ही पुसता! कोण तुम्ही! जाहीर निषेध! तोही इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे निषेध जरा बावळट दिसत होता.

बुधवारी उत्तर आलं. कोण माणूस, कुठला, काही माहीत नाही. पण भाषा अशी, की आम्ही दोघी त्याला गुरुजी म्हणायला लागलो. 'आपला संताप समजला. मात्र ज्ञानकोशात हाक मारता येत नाही. गावाविषयी माहिती असेल तर तटस्थ शब्दांत, तृतीय पुरुषात जरूर लिहावी. पान लहान आहे, भर घातल्यास आनंदच होईल. उद्गारचिन्हे टाळावीत.'

मी चिडून वाचून दाखवलं. चाकूरवालीनं मात्र डोळे पुसले आणि म्हणाली, "परत वाच की. तृतीय पुरुषात म्हणजे कसं?"

"म्हणजे 'मी' म्हणायचं न्हाई. 'ती' म्हणायचं. कुणाचंच नसल्यासारखं लिहायचं."

"मग लिहू की. माझंच हाय, पण कुणाचंच नसल्यासारखं."

ते लिहिणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड पत्रक. मोहरी नाही, हळद नाही, नुसतं वरण. मी दर ओळीला तडतडायला बघायचे आणि ती मला थांबवायची. "मागण्या करू नको गं. सांग फक्त." शेवटी 'शिक्षण' असा मथळा घालून हे तयार झालं: 'गावातील काही मुली लातूर येथे शिक्षण घेतात. त्यांपैकी काहींना वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा देण्यापेक्षा कृषी शिक्षणात अधिक रस असतो. पालक रविवारी निर्णय घेतात. थोरल्या बहिणींनी शनिवारी भेट दिल्यास या निर्णयात बदल संभवतो.'

'संभवतो' हा शब्द तिचा. मी असला लेचापेचा शब्द जन्मात लिहिला नसता.

गुरुवारी आम्ही टाकीपाशी धावत गेलो. पान उघडायला नेहमीसारखा वेळ लागला. आणि मजकूर होता! गुरुजींनी तो आमच्या इंग्रजी अक्षरांतून देवनागरीत उतरवला होता, एक स्वल्पविराम घातला होता, आणि शेवटच्या वाक्यापुढं कंसात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'संदर्भ हवा'.

"म्हणजे काय?" ती म्हणाली.

"म्हणजे पुरावा दाखवा. कशावरून बदल संभवतो म्हणे."

ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. पण ताईनं वाचलं का नाही, ते कळायचं कसं? गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी ती गच्चीवर यायलाच तयार नव्हती. "न्हाई वाचलं तिनं. तिला वाटलं मी खरंच जनरल नॉलेज सांगायले." मी तिला ओढत नेलं. पानावर एक नवा मथळा आला होता. दळणवळण. त्याखाली शुद्ध, टापटीप, टायपिंगच्या मास्तरणीनं लिहिलेली एकच ओळ: 'नांदेडहून अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारी एसटी बस उपलब्ध असून ती शनिवारी दुपारपर्यंत पोहोचते.'

चाकूरवालीनं ते यंत्र छातीशी धरलं.

शनिवारी ताई आली. खाली भेटीच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिनं धाकटीच्या पाठीत एक धपाटा घातला.

"येडी हायेस का गं? सगळ्या जगाला सांगत बसलीस!"

"जग कुठं वाचतंय ताई आपल्या गावाचं पान? तू आन् ते पान तपासणारे गुरुजी, दोघंच वाचायलाव."

"आन् हे 'संभवतो' कुणाचं?" ताईनं माझ्याकडं बघितलं.

"माझं न्हाई," मी घाईघाईनं म्हणाले.

ताई त्या रात्री लातुरात नात्यातल्या घरी राहिली आणि रविवारी सकाळी वडिलांच्या आधी हजर झाली. वडील आले, थोरलीला बघून दचकले, मग खुर्चीत बसले. काकू बाजूला होत्याच. मी चहा देण्याच्या निमित्तानं दारात.

"बाबा," ताई म्हणाली, "हिला परत न्हाई बसायचं. ॲग्रीला जायचंय."

"कशाला?"

"शेतकी शिकायला," चाकूरवाली म्हणाली.

"शेतकी शिकायला कॉलेज?" वडील हसले. "चल की घरी. उद्या सकाळी शिकवतो. फी बी न्हाई आन् डबा घरचा."

काकू हसल्या, ताईसुद्धा हसली. चाकूरवाली हसली नाही.

"बाबा, सोयाबीनवरच्या गोगलगायी गेल्या का?"

वडिलांचं हसणं थांबलं. "कुठं जात्यात. मीठ टाकलं, तरी हायेतच."

"मीठ शेतात टाकलंव?"

"मग काय घरात टाकू?"

"वरच्या मेल्या असतील. अंडी मातीत असत्यात बाबा. ती तशीच राहत्यात. आन् मिठानं जमीन खराब होतीय ती वेगळीच. त्या दिवसा लपत्यात, संध्याकाळी बाहेर पडत्यात. कुठं लपत्यात ते बघून तिथंच धरायच्या."

"हे कोण सांगितलं तुला?"

"वाचलं."

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. मला अगदी तोंडाशी आलं होतं, मागणी मान्य करा! पण मी गप्प राहिले. ती न चिडता, 'मला', 'माझं' एकदाही न म्हणता बोलत होती, आणि वडील ऐकत होते. ते मोडायचं धाडस मला झालं नाही.

"बॅचला नाव उद्या घालतो," ते शेवटी काकूंना म्हणाले. "आधी ते कॉलेज बघून तर येऊ. बघायला काय जातंय."

सोमवारी मी क्लास बुडवून त्यांच्यासोबत गेले. प्रवेशाच्या टेबलाशी एक प्राध्यापक बसले होते. चाकूरवाली मार्कांचं विचारायला पुढं झाली, तेवढ्यात वडीलच मध्ये घुसले. "साहेब, प्रवेशाचं राहू द्या जरा. गोगलगायीचं सांगा." प्राध्यापकांनी सांगितलं, की संध्याकाळी ओली गोणपाटं बांधाला अंथरायची, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोळा करायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. वडिलांनी उलटे प्रश्न विचारले. गोणपाट किती ओलं? बांधाच्या कुठल्या अंगाला? शेजाऱ्यानं धरल्या नाहीत तर? मागं रांग लागली, लोक कुरकुरायला लागले, तरी ते हलेनात. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "काका, तुम्हीच घ्या प्रवेश."

"आम्ही न्हाई," वडील म्हणाले, "ही घेणार हाय." आणि बाजूला सरकून त्यांनी तिला पुढं केलं. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "चार वर्षं लागत्यात म्हणं. तवर गोगलगायीला थांबा म्हणून कोण सांगायचं?"

"दर शनिवारी येते की मी घरी," चाकूरवाली म्हणाली आणि कागद पुढं ओढले.